कुनी सांगितलं

माझ्या टेम्पोतनं ज्ञानदानं एक पाय खाली टाकला आन लगीच परत वर वढून घेतला.

समोर हळद्या हुबा व्हता. हळद्या म्हंजी हैबतरावांचं कुत्रं. अंगानं हळदीवानी पिवळं, डावा कान अर्धा फाटल्याला, शेपूट कायम हलती. आमच्या उभ्या रिहे गावात ह्याच्याइतकं गरीब जनावर न्हाई. मी म्हनलं, "उतर गं पोरी, चावत न्हाई त्यो." पन ती कुत्र्याला भ्याली नव्हतीच. ती त्या फाटक्या कानाकडं बगत व्हती, आन तोंडावरचं रगात पार उतरल्यालं. नको त्या ठिकानी वळखीचं मानूस भेटावं तशी.

वळखीचंच व्हतं. ह्या कुत्र्याला तिनं मोबाइलवर पायलं व्हतं.

मागनं तिनं आन हैबतरावांच्या पोरानं, दोघांनीबी मला आपापली बाजू सांगितली, म्हनून मला ह्ये समदं ठावं. न्हाईतर टेम्पोवाल्याला पोरींच्या मनातलं काय कळतंय.

ज्ञानदा अंबाजोगाईकडची. बाणेरला कंपनीत कामाला, सूसला अपेक्षा नावाच्या मैत्रिनीसंगं ऱ्हायची. अपेक्षाचं लगीन ठरलं, खोली सुटली, तवा अपेक्षानंच फोनवरनं हैबतरावांची भाड्याची खोली हिला ठरवून दिली. आता नोकरी सांभाळून ही पोरगी आनखी एक उद्योग करायची. एका आरोग्याच्या वेबसाइटीला मराठीत लेख लिहायची. साखरेच्या बदल्यात काय खावं, ह्याच्यावर तिनं लिहिल्याला लेख लई चालला. त्यात झायलिटॉल म्हनून एका साखरेचं कवतिक व्हतं. दिसाया साखर, लागाया साखर, पन शुगरवाल्यांना साखरेपरीस बरी.

माहिती तिची स्वताची नव्हती. पुन्यात डॉक्टर अनसूया रणपिसे म्हनून बाई हायेत, त्यांनी इंग्रजीत लिहिल्यालं, तितनं हिनं मराठीत आनलं. खाली त्यांचं नाव द्यायचं, तर वेबसाइटवाला कौस्तुभ म्हनला, "लिंक दिली की वाचणारा तिकडं पळतो. नाव काढ." हिनं काढलं. लेख लांब झाला, तर शेवटचा परिच्छेदबी काढला. त्यात लिहिल्यालं की ही साखर कुत्र्याला विष हाय, घरात कुत्रं असंल तर जपा. हिनं इचार केला — आपल्याकडं कुत्र्याला गोडाधोडाचं कोन वाढतंय?

त्या लेखाखाली एकानं इचारलं व्हतं, "माहिती चांगली हाय. पन ही कुनी सांगितली? नाव कळंल का? आईला पायजे." आन इचारनाऱ्याच्या नावाफुडं त्याच्या तोंडाच्या जागी कुत्र्याचा फोटो. पिवळं कुत्रं. डावा कान फाटल्याला.

हिनं त्याच दिशी वाचलं. उत्तर न्हाई दिलं.

"हळद्या, सर मागं. पाव्हन्यांना उतरू दे." गोठ्याकडनं आवाज आला. हैबतरावांचा वाल्मीक. उरवड्याच्या कारखान्यात कामाला, उंच, बोलायला लागला की आदी मान खाजवनार. त्यानं हिच्याकडं पायलं आन मान खाजवली.

"भीती नाही वाटत मला," ज्ञानदा म्हनली. आवाज बारीक. "कान... कशानं फाटला त्याचा?"

"रानडुकरासंगं वाद झाला. त्यो म्हनतो, मी जिकलो."

"तो म्हणतो?"

"इचारा त्याला. खोटं बोलत न्हाई ह्यो."

ती हसली. आन हसता हसता तिनं टेम्पोकडं पायलं, परत बसून जावं का म्हनून. पन मी तवर गादीची वळकटी खाली टाकली व्हती.

*

वाल्मीकच्या आईनं, गोजराबाईनी, चहा आनला. बिनसाखरेचा.

"ह्या घरात साखर न्हाई गं बाई. गूळबी न्हाई. ह्यांची शुगर वर गेली, म्या डबं सुद्धा धुऊन पालथं घातलं."

हैबतराव कोपऱ्यात बसल्यालं. त्यांचं त्वांड कारल्यासारखं, कारन हातात कारल्याचाच रस. गोजराबाई त्यांच्याफुडं जाऊन हुबी ऱ्हायली आन हात जोडून म्हनली, "केरूवैदाच्या नावानं." मंग हैबतरावांनी डोळं मिटून घोट घेतला.

ज्ञानदाला कळंना. वाल्मीक हळूच म्हनला, "आमच्या आईची रीत हाय. कुनी औषध सांगितलं की पैल्यांदा त्याचं नाव घ्यायचं, मंग घोट. बिननावाचं ती घरात घेतच न्हाई."

"का?"

गोजराबाईच बोलली. "का म्हंजी? गुन आला तर आसीरवाद कुनाला द्यायचा? आन वंगाळ झालं तर जाब कुनाला इचारायचा?"

"आता बगा मॅडम," वाल्मीक म्हनला, "मला मोबाइलवर एक नवी साखर घावलीया. आबांना चालंल अशी. पन लिहिनाऱ्यानं नावच दिल्यालं न्हाई. मी इचारलं तर उत्तर न्हाई. आई हात लावंना."

ज्ञानदानं कप बशीवर ठिवला. हळद्यानं मान वर करून तिच्याकडं पायलं. तिला वाटलं, ह्यो आता बोलतोय.

*

कार्तिक निम्मा सरल्याला. भात झोडून झालं व्हतं, खळ्यावर पेंढ्याच्या गंज्या, आन सकाळचं धुकं असं की डोंगर न्हाई, झाड न्हाई, नुसता पेंढ्याचा वास. वाल्मीकची दुसरी पाळी असली की त्यो सकाळी खळ्यावर. आन ज्ञानदाला घरून काम असलं की तिचाबी पाय खळ्याकडंच वळायचा. रेंज हितंच येती, म्हनायची. मी रोज टेम्पो काढताना बगायचो. रेंज घ्यायला मानूस केस धुऊन येत न्हाई.

पन मला काय दिसत नव्हतं ते तिच्या पोटातलं. रोज ठरवायची — आज सांगायचं. आन रोज त्यो असं काय बोलायचा, की ते ऱ्हाऊनच जायचं.

एक दिस त्यानं तिला तोच लेख वाचून दावला. तिचाच. तिच्याफुडं.

"ऐका मॅडम. 'गोड सोडू नका, गोडाकडं जाणारी वाट बदला.' लिहिनारी बाई हाय ही."

"कशावरून?"

"बाप्या असं लिहील व्हय? बाप्यानं लिहिलं असतं — साखर बंद करा."

ती खाली बगून पेंढ्याची काडी मोडत बसली. "आवडलेली दिसते तुम्हाला ही बाई."

"आवडंल. पन उत्तर कुटं देतीया? नाव इचारलं तर गप."

"भीत असेल."

"मला? मी काय खातोय तिला?"

"ओळख झाली की... माणसं बदलतात."

वाल्मीकनं मान खाजवली. "मंग तुमीच सांगा. तुमी शिकलेल्या. खरं हाय का ह्ये साखरेचं?"

आता बगा, ही ती घडी. तिनं त्वांड उघडलं व्हतं. त्याच्या केसात पेंढ्याचं कुसळ अडकल्यालं, आन त्यो असा बगत व्हता की जनू ही जे म्हनंल ते त्यो देवापाशी ठिवनार. मी लिहिलंय म्हनलं, तर ही नजर गेली. उद्यापास्नं खळ्यावर कुनी न्हाई.

"खरं आहे," ती म्हनली. "मी पण वाचलंय."

"झालं मंग," त्यो म्हनला. "आन मॅडम, एक इचारू? तुमी मला वाल्मीकदादा का म्हनत न्हाई? गावातली समदी म्हनत्यात."

"तुम्हाला म्हणायला हवंय?"

"न्हाई न्हाई," त्यो घाईघाईनं म्हनला. "नुसतं इचारलं."

त्यादिवशी धुकं उशिरा हाटलं म्हनं.

*

चंपाषष्ठीला हैबतरावांच्याकडं खंडोबाची तळी असती. वांग्याचं भरीत, बाजरीचा रोडगा, कांद्याची पात, पुरनाची पोळी. पैलं ताट देवाला. आन दुसरं ताट मानसाला न्हाई. दुसरं ताट कुत्र्याला. देवाच्या संगं कुत्रं असतं, त्याचा मान हाय. कपाळाला भंडारा लावायचा, ताटात वाढायचं, त्यो जेवला की मंग घरची मानसं. आमच्या कैक घरात चालतं असं. ज्ञानदाच्या घरी खंडोबा नव्हता, तिला ह्ये ठावं नव्हतं. आन तिनं काढल्याल्या त्या परिच्छेदाला काय ठावं, की मुळशीत एक दिस असा येतो, की कुत्रं मानसाच्या आदी पुरनपोळी खातं.

मी तळी उचलायला गेलो व्हतो. येळकोट येळकोट करून खोबरं-भंडारा उधळला, समद्यांची कपाळं पिवळी. ज्ञानदाला गोजराबाईनी हाक मारल्याली, ती आत्ताच बाणेरवरनं अर्धी सुट्टी टाकून आली व्हती. चप्पल काढत व्हती दारात. वसरीवर हळद्या जेवत व्हता, आन वाल्मीक त्याच्या म्होरं बसून म्हनत व्हता, "सावकाश खा रं, आज तुजंच राज्य हाय."

"काकू," ज्ञानदा हसत म्हनली, "पुरणात गूळ घातला का शेवटी? काकांची मजा आहे आज."

"न्हाई गं. ती नवी साखर. वाल्यानं मागवली ती. समदं पुरन त्याच साखरेचं. देवालाबी तेच, म्हनलं देव तरी कुटं तरना ऱ्हायलाय." गोजराबाई लई खुशीत. "आन तूच खरं हाय म्हनलीस, म्हनून तुज्या नावानं घेतलं बरं का. ज्ञानदाच्या नावानं म्हनले, मंगच पुरनाला हात लावला."

त्या पोरीचं हसू तोंडावरच थिजलं.

मी माझ्या डोळ्यानं पायलं. ती धावली न्हाई, तिनं झेपच घेतली. हळद्याच्या तोंडातनं अर्धी पोळी वढून काढली. पन ताटात दुसरी न्हाई. एक तळी उचलायच्या आदीच पोटात गेल्याली. हळद्या तिच्याकडं बगतुया, शेपूट हालतीया, त्याला वाटतंय खेळ चाललाय.

"आरं, ह्ये काय," हैबतराव उठलं. "मानाचं ताट हाय ते."

"ह्याला दवाखान्यात न्यायला हवं. आत्ता. लगेच."

"का, झालंय काय त्याला?" वाल्मीक.

"ही साखर कुत्र्याला विष आहे."

भंडाऱ्याची पिवळी कपाळं समदी तिच्याकडं. हळद्या तर टुनटुनीत हुबा. आन मंग गोजराबाईनी तिचा नेहमीचा प्रश्न इचारला. रागानं न्हाई, सवयीनं.

"कुनी सांगितलं?"

गप ऱ्हाता आलं असतं. कुटंतरी वाचलंय म्हनता आलं असतं, खळ्यावर म्हनली तसं. पन ह्या घरात बिननावाच्या गोष्टीला कोन उठत न्हाई, ह्ये तिला एव्हाना कळलं व्हतं. नाव दिल्याबिगर कुत्रं जागचं हालनार नव्हतं.

"डॉक्टर अनसूया रणपिसे यांनी," ती म्हनली. "साखरेचा तो लेख त्यांच्या माहितीवर आहे. कुत्र्याचं त्यांनी शेवटी लिहिलं होतं. ते... ते मी गाळलं. लेख मी लिहिलाय, काकू. नाव मीच दिलं नाही."

वाल्मीक तिच्याकडं बगतच ऱ्हायला. आन तेवढ्यात हळद्या पायरी उतरायला गेला आन त्याचा म्होरचा पाय पायरीवर पडलाच न्हाई. दारू प्यायल्यागत त्यो तिरका झाला.

*

ज्ञानदानं फोन काढला. त्या बाईंच्या लेखाखाली त्यांच्या दवाखान्याचा नंबर व्हता. तिनं अंगनाच्या कोपऱ्यात, जितं रेंज येती तितं हुबं ऱ्हाऊन लावला. नंबर दोनदा चुकला.

बाईंनीच उचलला. फोन मोठ्यानं लावल्याला, म्हनून आमाला समदं ऐकू आलं.

"तुमच्या लेखावरून मी मराठीत लेख लिहिलाय, मॅडम, झायलिटॉलवर. तुमचं नाव न देता. आणि आता एका कुत्र्यानं —"

"माझ्या लेखावरून? कुठं छापलाय?" मंग बाई थांबल्या. "ते नंतर बघू. किती खाल्लं? वजन किती आहे कुत्र्याचं? शुद्धीत आहे?"

"आहे. पण झोकांड्या खातंय."

"रक्तातली साखर उतरतेय त्याची. घरात साखर, मध, गूळ, जे असेल ते पाण्यात कालवून हिरड्यांना चोळा. शुद्ध गेली तर तोंडात ओतू नका, नुसतं चोळा. आणि जनावरांच्या डॉक्टरकडं निघा. वाटेत चोळत राहा. थांबू नका."

साखर. आमी समदे गोजराबाईकडं बगाया लागलो. ती हुबी, हात रिकामं. "म्या... म्या तर डबं धुऊन ठिवलं," ती म्हनली आन तिचा आवाज फुटला. "येक कन न्हाई घरात."

शेजारी जायचं तर मधलं कुंपनाचं वाडगं वलांडून जावं लागतंय. वाल्मीक पळायच्या बेतात. तवर हैबतराव गोठ्यात शिरलं. पेंढ्याच्या गंजीत खांद्यापतुर हात घातला, आन बाहीर काढला तर हातात फडक्यात बांधल्याला गुळाचा खडा. चांगला मुठीयेवढा. एका बाजूनं दातानं कुरतडल्याला.

गोजराबाईनी नवऱ्याकडं पायलं. "तुमच्याशी मी मागनं बोलते."

हैबतराव म्हनलं, "बोल. आदी पानी आन."

*

टेम्पो मी कसा हानला ते मला ठावं न्हाई. रिह्यातनं घोटवडे फाटा, तितनं पिरंगुट. मागं सतरंजीवर वाल्मीक, मांडीवर हळद्या, म्होरं वाटी धरून ज्ञानदा. आरशात दिसत व्हतं मला. ती बोट गुळाच्या पान्यात बुडवती आन त्याच्या हिरड्याला चोळती. त्याचं डोळं मधीच फिरायचं. मधीच सगळं अंग ताठ व्हायचं, आन वाल्मीकच्या तोंडातनं आवाज यायचा, रडन्याचा न्हाई, कसलातरीच. कपाळाचा भंडारा त्याच्या गालावर पसरल्याला.

"माझी कमेंट वाचलीवतीस?" त्यानं इचारलं.

आजपतुर त्यो तिला मॅडम म्हनायचा, तुमी म्हनायचा. पैल्यांदा तू म्हनला, आन असा.

"हो."

"कवा?"

"ज्या दिवशी लिहिलीस त्याच दिवशी."

"आन खळ्यावर मी इचारलं तवा?"

ती चोळत ऱ्हायली. लवळ्याकडनं येनाऱ्या डंपरमागं मी अडकलो, हॉर्नवरचा हात काढला न्हाई. मला भ्या वाटत व्हतं ते कुत्र्याचं, खरं सांगतो. पन त्या दोघांच्या मधीबी कायतरी जीव सोडायला लागल्यालं, आन तिकडं कुटलाच दवाखाना न्हाई.

पिरंगुटच्या डॉक्टरनं हळद्याला टेबलावर घेतलं, सलाईन लावली, ग्लुकोजची. म्हनला, आनायला आनखी उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं. गूळ कुनी लावला? वाल्मीकनं ज्ञानदाकडं बोट केलं, पन बगितलं न्हाई तिच्याकडं. डॉक्टर म्हनला, आता शुद्धीवर येईल, पन लिव्हरचं काय खरं न्हाई. काही दिस हितंच ठिवावं लागंल. रोज रगात तपासायचं. जगंल म्हनून मी सांगत न्हाई.

सांगत न्हाई म्हनल्यावर ती पोरगी भिताडाला टेकून खाली बसली.

तितंच बसून तिनं फोनवर लेख उघडला आन लिहाया लागली. थोड्या येळानं त्या कौस्तुभचा फोन आला. मी शेजारीच बाकड्यावर.

"हो, मी बदललाय," ती म्हनली. "वरती पहिल्यांदा इशारा घातलाय... नाही, खाली नाही, वरतीच राहील. डॉक्टरांचं नाव आणि नंबर पण राहील... नसेल पटत तर मला काम देऊ नकोस. पण तू काढलंस, तर डॉक्टर रणपिसे तुला फोन करतील. त्यांना सगळं सांगितलंय मी."

मंग तिनं फोन ठिवला. मी म्हनलं, "च्या घे गं." ती म्हनली, "मामा, मला खूप भीती वाटतेय." मी म्हनलं, "कुत्र्याची का पोराची?" तिनं उत्तर न्हाई दिलं. त्याचीबी तिला सवयच.

*

पुढचं दिस वंगाळ गेलं. वाल्मीक कारखान्यातनं सुटला की दवाखान्यात. ज्ञानदा सकाळी जायची, त्यो यायच्या आत निघायची. हळद्या कवा डोळं उघडायचा, कवा न्हाई. गोजराबाई तिला जेवायला हाक मारायची, पन पयल्यासारखी न्हाई. एकदाच बोलली, ताट सारताना. "म्या तुजं नाव घेतलंवतं गं. पोटच्या पोरीचं घेतलं नसतं इतक्या इस्वासानं." ज्ञानदा तशीच ताटावरनं उठली.

मंग डॉक्टरचा फोन आला, रगात सुधारलंय, घिऊन जावा.

त्याच सकाळी ज्ञानदा माझ्याकडं आली. "मामा, हळद्याला घरी सोडलंत की त्याच फेरीत माझं सामान चढवा. सूसला एकीकडं सोय झालीय."

"वाल्मीकला सांगितलंस?"

"तो माझ्याशी बोलतच नाही. काय सांगू?"

मी म्हनलं, चढवतो. मला मेल्याला भाडं दिसत व्हतं, पन मन लागंना.

पिरंगुटास्नं येताना वाल्मीक माझ्या शेजारी, हळद्या त्याच्या मांडीवर, वाळून निम्मा झाल्याला. मी म्हनलं, "पोरगी चाललीया आज." त्यानं मोबाइल काढून माझ्याफुडं धरला. मला वाचायचा कटाळा, म्हनून त्यानंच वाचला. त्यानं लेखाखाली इचारल्याल्या त्या जुन्या प्रश्नाला उत्तर आल्यालं.

"ही माहिती डॉ. अनसूया रणपिसे यांची आहे. त्यांचं नाव मी लपवलं. कुत्र्यांबद्दलचा इशारा मी गाळला, कारण आपल्याकडं कुत्र्याला कोण गोड घालतं असं मला वाटलं. तुमच्या घरी घालतात, हे विचारायला हवं होतं. तुम्ही नाव विचारलंत तेव्हा मी घाबरले. आईंना सांगा, जाब मलाच विचारा. — ज्ञानदा."

"रोज वाचतुया मी ह्ये," त्यो म्हनला. "राग लई हाय तात्या. पन राग कराया ती समोर पायजे ना. सूसला गेल्यावर कुनावर करू?"

मी गाडी वाईच जोरात काढली.

*

अंगनात तिचं सामान बांधून ठिवल्यालं. बॅगा, बादली, गादीची वळकटी. ती दारात हुबी, तोंड धुतल्याचं दिसत व्हतं, पन डोळं लाल. वाल्मीकनं हळद्याला खाली ठिवलं. त्यानं आदी हवा हुंगली. मंग डुलत डुलत, पाय वढत, गोठ्याकडं न जाता, हैबतरावांकडं न जाता, सरळ तिच्या सामानापाशी गेला. वळकटीवर चढला. दोनदा गोल फिरला आन बसला. हनवटी पंज्यावर.

"उतर रे," ज्ञानदा हळूच म्हनली. "मला जायचंय."

हळद्यानं डोळं मिटलं.

गोजराबाई बाहीर आली. हातात डॉक्टरनं दिल्यालं पातळ औषध आन चमचा. ती हळद्याफुडं बसली, हात जोडलं. आमी समदे बगतोय. "अनसूया डाक्टरनीच्या नावानं," ती म्हनली. मंग थांबली. ज्ञानदानं मान खाली घातली व्हती. "आन ज्ञानदाच्या नावानं." चमचा हळद्याच्या तोंडात गेला.

पोरीनं ओढणीत त्वांड लपवलं.

"रडू नगं," हैबतराव कोपऱ्यातनं म्हनलं. "तुज्यापायी माझा गूळ घावला हिला. रडायचं तर म्या रडावं."

गोजराबाई औषधाची बाटली घिऊन आत गेली, जाताना हैबतरावांना डोळ्यानंच आत घिऊन गेली. मी टेम्पोचं चाक तपासायच्या निमतानं खाली वाकलो. चाकाला काय झालं नव्हतं.

वाल्मीक आन ती, मधी वळकटी, वळकटीवर कुत्रं.

त्यानं मान खाजवली. मंग म्हनला, "एक ऐकलंय मी."

"काय?"

"तुला मी आवडतो म्हनं."

ती दचकली. मी चाकामागनं बगितलं, तिचं हात एकमेकांत असं आवळल्यालं की बोटं पांढरी. कुत्र्यासाठी भ्याली व्हती त्यापरीस जास्त भ्याल्याली दिसत व्हती. आता खोटं बोलली तर सुटल. टेम्पो हुबाच हाय.

"कोणी... कोणी सांगितलं?" तिनं इचारलं.

"ह्यानं." त्यानं हळद्याकडं मान केली. "दवाखान्यात मला म्हनला. रोज सकाळी येती, माझा पंजा धरती, आन तुज्याच गोष्टी सांगत बसती. मला झोपू देत न्हाई."

"आणि तू विश्वास ठेवलास?"

"त्यो खोटं बोलत न्हाई. पन म्हनलं, एकट्याचं ऐकून चालत न्हाई आता. एकदा फसलोय. जिचं हाय तिच्याकडनं इचारून घ्यावं."

धुकं वर चढत व्हतं. पलीकडच्या वावरात कुनीतरी बैलाला हाळी देत व्हतं. मला वाटलं, झालं, ही परत गप बसनार, आन मला ती वळकटी उचलावी लागनार.

"खरं आहे," ती म्हनली.

"कुटं वाचलंयस?"

"कुठं नाही वाचलं." तिनं सरळ त्याच्याकडं पायलं. "हे माझं स्वतःचं आहे. नाव माझंच घाल."

वाल्मीक हसला. किती दिसानं हसला. हळद्यानं एक डोळा उघडला, शेपूट वळकटीवर दोनदा आपटली, आन परत मिटला.

मी उठलो. "काय रं, भाडं हाय का न्हाई माझं?"

"न्हाई, तात्या," वाल्मीक म्हनला. "तेवढ्या बॅगा आत टाका की."

"म्या का टाकू?"

"मी वळकटी घ्यायला थांबलोय. कुत्रं उठंना."